एकशे दहा कोटी भागिले एक

सोलापूरकराला मोठ्या आकड्याचं भय नाही. उन्हाळ्यात पेपर उघडला की पहिल्या पानावर उजनी वजा चाळीस टक्के, वजा पन्नास टक्के अशी असते आणि आम्ही चहाचा घोट घेत ते शांतपणे वाचतो. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, छपाईची चूक असणार, धरणातलं पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? त्याला समजावून सांगावं लागतं. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. निम्म्याहून जास्त धरण मेलेलं धरूनच हिशेब सुरू होतो आणि चैत्र-वैशाखात आम्ही त्या मेलेल्यातलंच पितो. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर. हा आकडा आमच्याकडे पानटपरीवर पान लावता लावता बोलला जातो.

अशा जिल्ह्यातला माणूस मी, आणि मला एक आकडा गेली कित्येक वर्षं पचलेला नाही. आकडा पाण्याचा नाही, एका मुलीचा आहे.

माळशिरस तालुक्यातलं अकलूज. नीरेच्या काठावरचं, साखर कारखान्याचं, घोडेबाजाराचं, लावणी स्पर्धेचं गाव. २०११च्या जनगणनेत वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. इथे ३ जून २००१ला रिंकू राजगुरूचा जन्म झाला. आई-वडील दोघंही शिक्षक. २०१३ साली, पुढे 'सैराट' करणारे दिग्दर्शक नागराज मंजुळे अकलूजला आले होते, तेव्हा ती बघ्यांमध्ये होती, सिनेमावाला माणूस कसा असतो ते पाहायला आलेली सातवीतली पोर. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. 'सैराट'चा नायक आकाश ठोसर, तोही जेऊरचाच. बर्लिनपर्यंत गेलेल्या सिनेमाची मुख्य माणसं अशी एसटीने तासा-दीड तासात एकमेकांच्या घरी पोचतील इतक्या अंतरावरची होती.

आता तारखा बघा. २८ मार्च २०१६ला त्रेसष्टावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेता 'पिकू'साठी अमिताभ बच्चन, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री 'तनू वेड्स मनू रिटर्न्स'साठी कंगना रनौत, आणि विशेष उल्लेखाच्या रांगेत 'सैराट'मधल्या आर्चीसाठी रिंकू राजगुरू. त्या दिवशी तिचं वय होतं चौदा वर्षं, नऊ महिने, पंचवीस दिवस. हा हिशेब मी बोटांवर तीनदा केला आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात सिनेमा ज्या विभागात दाखवला गेला त्याचं नाव 'जनरेशन १४ प्लस'. चौदा वर्षांच्या पुढच्या प्रेक्षकांसाठी असलेला विभाग, आणि पडद्यावरची नायिका स्वतःच जेमतेम त्या उंबरठ्यावर. एखाद वर्ष आधी तिला स्वतःचा सिनेमा बघायला दारातच अडवलं असतं.

आणि हे सगळं झालं तेव्हा महाराष्ट्रातल्या एकाही थिएटरात 'सैराट' लागलेला नव्हता.

तो लागला २९ एप्रिलला. पाचव्या दिवशी, ३ मेला, ती दिल्लीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जींसमोर उभी होती आणि त्याच वेळी इकडे चारशेहून अधिक थिएटरांसमोर रांगा होत्या. पहिल्या दिवसाची कमाई ३ कोटी ६० लाख, पहिल्या तीन दिवसांची १२ कोटींच्या वर, पहिल्या आठवड्याची पंचवीस कोटींच्या पुढे. हे व्यापारी वर्तुळातले आकडे. तिकीटबारीचे आकडे म्हणजे लग्नातल्या पंगतीचे आकडे, यजमान एक सांगतो आणि आचारी दुसरा. पण इथे दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. त्याच वर्षी एक जानेवारीला आलेल्या 'नटसम्राट'ने चाळीस कोटींची मजल मारली होती आणि मराठीत आता याच्या वर कोण जाणार, असं सगळे म्हणत होते. चार महिन्यांनी तो आकडा मागे पडला, आणि थोडाथोडका नाही, दुपटीहून जास्त. चार कोटींच्या आसपास खर्चून केलेल्या सिनेमाने सुमारे एकशे दहा कोटींचा गल्ला गोळा केला. शंभर कोटींची वेस ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२चा, म्हणजे ही वेस ओलांडायला मराठी बोलपटाला चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला लोक हटेनात म्हणून रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला. पहाटे तीन ही आपल्याकडे ऊसतोडीला निघायची वेळ, पिकाला पाणी द्यायची वेळ, कारण वीज तेव्हाच येते. त्या वेळेला माणसं घरातून निघून तिकीट काढून बसली.

एकशे दहा कोटी हे नुसतं म्हणून काही कळत नाही. शाळेत गुरुजी सांगायचे, मोठी संख्या आली की घाबरायचं नाही, भागायची. तर भागू या.

सिनेमाची लांबी १७४ मिनिटं. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. १७४ गुणिले ६० गुणिले २४, उत्तर २ लाख ५० हजार ५६०. अडीच लाख चित्रं. खर्चाचे चार कोटी या चित्रांवर वाटले तर एका चित्राला पडले १६० रुपये. आणि गल्ल्याचे एकशे दहा कोटी वाटले तर एका चित्रामागे आले ४,३९० रुपये. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्यात अशी चार-पाच चित्रं निघून जातात. म्हणजे आर्चीने बुलेटवरून मागे वळून नुसतं पाहिलं आणि आपली पापणी लवली, तेवढ्यात वीस हजार रुपये गेले.

आता माणसं मोजू. तिकीट तेव्हा खेडेगावात साठ-सत्तर रुपये, पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सात दोनशेच्या घरात. हिशेबाला सोपं जावं म्हणून सरासरी शंभर धरतो. हा माझा अंदाज आहे, कुणाच्या वहीतला आकडा नाही. शंभर धरले तर तिकिटं झाली एक कोटी दहा लाख. आमच्याकडे गर्दीचं माप एकच, आषाढी. पंढरपूर याच जिल्ह्यात. आषाढीला दहा लाखांच्या आसपास माणूस येतो, आणि त्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते, श्वाससुद्धा दुसऱ्याच्या खांद्यावर सोडावा लागतो. अशा अकरा आषाढ्या. २०११च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे देशात ८ कोटी ३० लाख. दर आठ मराठी माणसांमागे एक तिकीट. अर्थात दोनदा-तीनदा पाहणारे पुष्कळ होते. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पाच वेळा पाहिला आणि घरी दोनच सांगितले.

पण खरं चक्रावायला होतं ते वेळेच्या हिशेबाने. एक कोटी दहा लाख तिकिटं, प्रत्येक तिकिटामागे १७४ मिनिटं. गुणाकार करा, मग मिनिटांचे तास, तासांचे दिवस, दिवसांची वर्षं करा. उत्तर येतं तीन हजार सहाशे चाळीस वर्षं. एकाच माणसाने एकटं बसून तेवढी तिकिटं संपवायची ठरवली, न झोपता, न जेवता, मध्यंतर न घेता, तर त्याला २०१६ साली शेवटचा खेळ संपवण्यासाठी इसवी सनपूर्व सोळाशेच्या सुमारास खुर्चीत बसावं लागलं असतं. त्या काळात घोड नदीच्या काठी इनामगावला पहिले शेतकरी मातीच्या भिंती घालून नुकते स्थिरावत होते. घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीला येते. सातवाहन यायला तेव्हा हजाराच्या वर वर्षं होती, विठोबाच्या विटेचा पत्ता नव्हता. तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा काळ आपण, मराठी माणसांनी, मिळून, २०१६च्या उन्हाळ्यात अंधारात बसून एका मुलीकडे बघण्यात घालवला.

एका मुलीकडे, असं मी मुद्दाम म्हणतो. सिनेमा मंजुळ्यांचा, गाणी अजय-अतुलची. त्या गाण्यांचा वाद्यवृंद चौदा हजार किलोमीटरवर लॉस एंजलिसच्या सोनी स्टुडिओत बसवलेला, तिथले व्हायोलिनवाले करमाळ्याच्या केळीच्या बागांसाठी वाजवत होते. हे सगळं मान्य. पण तिकीट काढलं जायचं ते आर्चीसाठी. बाकीचं लोकांना थिएटरात शिरल्यावर कळायचं.

मी तो सोलापुरात एका जुन्या एकपडदा थिएटरात पाहिला. मे महिना, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या आसपास, आतले पंखे नावाला. 'झिंगाट' लागलं आणि पुढच्या चार रांगा उठून पडद्यासमोर गेल्या. नाचणाऱ्यांच्या सावल्या पडद्यावर पडून पडद्यावरच्या नाचणाऱ्यांत मिसळल्या, कोण आतला आणि कोण बाहेरचा ते कळेना. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नऊवारीतल्या, मांडीवर भाकरीचं फडकं. पोरगी बुलेटवर बसून आली तेव्हा त्या पुटपुटल्या, "अगं बया, पडशील की." ती पडली नाही. मग ती ट्रॅक्टरवर आली, आणि आजींनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. तोंडात दात नसल्यामुळे नुसती हवा गेली.

बुलेटचं वजन एकशेऐंशी किलोच्या वर असतं. चौदा वर्षांची मुलगी चाळीस-पंचेचाळीस किलोची धरली, तर आपल्या चौपट वजनाच्या गाडीला ती दोन पायांत धरून गर्दीतून काढते. मराठीत सांगून कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असं पोरांना दरडावते. आमच्याकडच्या बोलीचा हेल तिच्या तोंडात तसाच्या तसा होता, कुणी घासून गुळगुळीत केलेला नव्हता. तोवर मराठी सिनेमात सोलापूरकडचं बोलणं हवं असायचं ते बहुधा गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. ते नायिकेच्या तोंडून ऐकताना आजींनी तोंडावर पदर धरला, तो लाजेने नव्हता.

शेवटची काही मिनिटं मात्र त्या थिएटरात कुणाच्या खुर्चीचाही आवाज आला नाही. पडद्यावरचा आवाजही मंजुळ्यांनी काढून घेतला आहे. एक लहान मूल चालतं आणि मागे पावलं उमटतात, बस. साडेतीन हजार वर्षांच्या त्या गोळाबेरजेतला हा तुकडा अगदी लहान, पण लोक तो घेऊनच घरी गेले. दिवे लागल्यावर नाचणारी पोरंही बसल्या जागेवरून उठेनात. आजींनी फडकं सोडलं नाही, तसंच परत पिशवीत टाकलं.

इथे आणखी एक आकडा सांगतो, जो कुठल्याही तिकीटबारीवर मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं गेलं की लग्न कितव्या वर्षी झालं. अठराच्या आत झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के. सोलापूर जिल्ह्यात ४०.३ टक्के. वीस ते चोवीस म्हणजे रिंकूहून थोड्या मोठ्या मुली, शाळेत तिच्या पुढच्या वर्गांत असलेल्या, 'सैराट'ला रांगेत उभ्या राहिलेल्या, आर्चीसारखा दुपट्टा घेतलेल्या. साठ मुलींचा वर्ग डोळ्यासमोर आणा. त्यातल्या चोवीस. एकशे दहा कोटींचं मी भागून काही तरी केलं, या चोवीसचं मला काही करता येत नाही.

तर अकलूज. सिनेमाचा पैसा नटांकडे येत नाही, तो थिएटरवाला, वितरक, निर्माता, कर अशा पाटांतून वाहून जातो आणि शेवटच्या वाफ्याला काय पोचतं ते ज्याचं त्याला माहीत. प्रसिद्धीचं तसं नाही. तिला पाट नसतात, ती थेट घरावर येते. चाळीस हजारांच्या गावात रोज कुठून कुठून गाड्या यायला लागल्या. कुणाला फोटो हवा, कुणाला नुसतं बघायचं, कुणाला आपल्या पोरीला तिच्या शेजारी उभं करायचं. हे लोक वाईट नव्हते. तेच ते पहाटे तीनच्या खेळाचे लोक. पण एका मुलीच्या दारात एका वेळी किती माणसं चांगली असू शकतात, यालाही काही मर्यादा आहे.

ती जिजामाता कन्या प्रशालेत दहावीला होती. वर्गात बसणं अशक्य झालं आणि तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. आमच्याकडे सतरा नंबर म्हणजे नापास झालेली, शाळा सुटलेली, मधेच लग्न झालेली, कामावर जाणारी मुलं भरतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यामुळे शाळा सुटल्याचं हे महाराष्ट्रातलं एकमेव उदाहरण असावं. मार्च २०१७मध्ये तिने दहावीची परीक्षा दिली. त्या महिन्याच्या अखेरीस, परीक्षा संपते न संपते तोच, 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' कर्नाटकात लागला. त्यातही नायिका तीच. एका हाताला भूमितीची प्रमेयं आणि दुसऱ्या हाताला परक्या भाषेतले संवाद. आमच्या भागात कन्नड तशी परकी नाही. अक्कलकोटच्या बाजाराला गेलं की अर्धा भाव कन्नडमध्येच होतो, पण अकलूज त्या टोकाला नव्हे.

जून २०१७ला निकाल लागला. त्या वर्षी राज्यात दहावीला सोळा लाखांहून अधिक मुलं बसली होती, निकाल ८८.७४ टक्के. सोळा लाखांतल्या एका गुणपत्रिकेवरचे टक्के त्या दिवशी टीव्हीच्या पट्टीवर फिरले, ६६.४०. पहिला वर्ग. बोर्डात पहिल्या येणाऱ्या मुलांची नावं छापायची पद्धत बोर्डाने बंद केली ती मुलांवर ताण येतो म्हणून, आणि इथे एका मुलीचे विषयवार गुण गावोगावच्या कट्ट्यांवर चर्चेला. गणितात किती, विज्ञानात किती. ज्यांनी स्वतःची गुणपत्रिका बापापासून लपवली होती असे इसम त्यावर मतं देत होते. मला विचाराल तर माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतला सगळ्यांत मोठा आकडा ६६.४० हाच आहे. तीन हजार सहाशे चाळीस वर्षं दारात उभी असताना पंधरा वर्षांच्या मुलीने आत बसून अभ्यास केला आणि पहिला वर्ग आणला.

दोन वर्षांनी हाच खेळ पुन्हा. फेब्रुवारी-मार्च २०१९ बारावीची परीक्षा, एप्रिलमध्ये मकरंद माने यांचा 'कागर' प्रदर्शित, मेअखेर निकाल, कला शाखा, ८२ टक्के. राज्याचं परीक्षांचं वेळापत्रक आणि तिच्या सिनेमांचं वेळापत्रक एकाच भिंतीवर टांगलेलं असणार.

कमी वयाची नटी हा प्रकार आपल्याकडे नवा नाही, तेही सांगायला हवं. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीला बाई मिळेना, कारण चांगल्या घरची बाई येईना आणि बाजारातल्याही नाही म्हणाल्या. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हॉटेलात त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तो सिनेमा ३ मे १९१३ला लागला. रिंकू दिल्लीत उभी होती तीच तारीख, बरोबर १०३ वर्षांनी. त्याच १९१३ साली फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला आणि त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई. कमलाबाईंचा जन्म १९००चा, म्हणजे वय तेरा. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या बायका या दोघी मायलेकी. पुढे कमलाबाई गोखल्यांच्या घरी गेल्या आणि विक्रम गोखले त्यांचे नातू.

आणि दुसरी तर थेट सोलापूरची. शशिकला जवळकर, जन्म १९३२. वडिलांचा धंदा बुडाला, कुटुंब मुंबईला गेलं. १९४५ साली 'झीनत' नावाच्या सिनेमात नूरजहाँबरोबर बायकांची एक कव्वाली होती, त्यात ही तेरा वर्षांच्या आतली पोर बसवली गेली. मेहनताना पंचवीस रुपये. पुढे शंभराहून जास्त सिनेमे, 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर, २००७ला पद्मश्री, आणि २०२१च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मृत्यू. साठ वर्षांचा धंदा, आणि त्यातली बरीच वर्षं पडद्यावर दुसऱ्याचं घर मोडणारी बाई म्हणून. सोलापुरात आज शशिकलाबाईंचं घर कुठे होतं विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतील. तिची सुरुवात पंचवीस रुपयांची होती, म्हणून पुढचा प्रत्येक रुपया चढणीचा होता. रिंकूची गोष्ट उलटी सुरू झाली. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिला आधीच नेऊन ठेवलं आणि मग सांगितलं, आता चढ.

चढायचं कुठे? 'सैराट'नंतर कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली, हिंदी अशा पाच भाषांत तीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली. हिंदीतला 'धडक'ही शंभर कोटींच्या पुढे गेला, पण त्याच्यामागे मुंबईची सगळी यंत्रणा होती, आणि त्यातल्या आर्चीच्या बोलण्याला करमाळ्याची धूळ लागलेली नव्हती. रिंकूने मधल्या काळात 'मेकअप' केला, लारा दत्ताबरोबर 'हंड्रेड' ही मालिका केली, लिलेट दुबेंसमोर 'अनपॉज्ड'मधली एक गोष्ट केली, '२०० हल्ला हो' केला, 'आठवा रंग प्रेमाचा', 'झिम्मा २' केला. प्रत्येक वेळी परीक्षणाच्या पहिल्या ओळीत 'सैराट' येतो आणि पहिल्या आठवड्याची कमाई एकशे दहाच्या शेजारी मांडली जाते. हे अन्यायाचं आहेच, शिवाय गणितातही चुकीचं आहे. चौऱ्याऐंशी वर्षांत एकदा घडलेली गोष्ट पुढच्या शुक्रवारी पुन्हा घडावी, अशी अपेक्षा कुणी पावसाकडूनही ठेवत नाही. उजनी एका वर्षी एकशेदहा टक्के भरते म्हणून पुढच्या वर्षी नव्वद टक्क्यांना कुणी दुष्काळ म्हणत नाही. नटीला मात्र म्हणतात.

माझ्या मते तिचं 'सैराट'नंतरचं पाहण्यासारखं काम सापडतं ते २०२२च्या 'झुंड'मध्ये, आणि त्यात ती नायिका नाही. नागराज मंजुळे पुन्हा, नागपूर, झोपडपट्टीतला फुटबॉल, आणि प्रशिक्षकाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन. २८ मार्च २०१६च्या यादीत जो सर्वांत वर होता आणि जी सर्वांत खाली होती, ती दोन नावं सहा वर्षांनी एका श्रेयनामावलीत आली. एकाचं वय एकोणऐंशी, दुसरीचं वीस.

त्यात ती मोनिका नावाची गोंड मुलगी आहे. परदेशी खेळायला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला कागद हवेत, आणि कागदाच्या पायी ती वडिलांबरोबर या दारातून त्या दारात फिरते. आपण कोण, कुठले, हे सिद्ध करायचं असतं. बाप हातात पिशवी धरून दोन पावलं मागे, पोरगी पुढे. कुणी वर बघत नाही. ती फार बोलत नाही, बुलेट नाही, दरडावणं नाही, खांदे थोडे पडलेले.

हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला २०१७ची ती गुणपत्रिका आठवली. पट्टीवर टक्के रिंकू राजगुरूचे फिरत होते. बोर्डाच्या कागदावर ते नावच नव्हतं. तिथे छापलेलं होतं, प्रेरणा महादेव राजगुरू.